पुडीची किंमत आणि सल्ल्याचे मोल

सर्दीने नाक वाहू लागले, अंग मोडून आले, की दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होण्याच्या निकडीने जो गृहस्थ दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या’ अशी गळ घालतो, तोच रक्तदाबाची नित्याची गोळी मात्र ‘आता बरं वाटतंय’ एवढ्या सबबीवर परस्पर बंद करून मोकळा होतो. ह्या विपर्यासाचा दोष रुग्णाच्या अज्ञानावर टाकण्याचा प्रघात आहे. मला त्याचे मूळ आपल्या वैद्यकव्यवसायाच्या हिशेबात दिसते.

आपल्याकडे कित्येक फॅमिली डॉक्टर तपासणीची फी निराळी घेत नाहीत; दोन दिवसांच्या गोळ्यांची पुडी आणि फार तर एक सुई, एवढ्याच्या मोबदल्यात सल्लाही गृहीत धरलेला असतो. अशा रिवाजात ‘हा विषाणूंचा ताप आहे, प्रतिजैविकाचा त्यावर काडीमात्र उपयोग नाही, विश्रांती घ्या, मात्र धाप लागली किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही तर तडक या’ हे समजावण्यात गेलेला वेळ कोठेच जमा होत नाही. ॲझिथ्रोमायसीनच्या तीन गोळ्या तेवढ्या जमा होतात. सेफिक्सिमसारख्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही, रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावांसह, दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावी, असा सरकारी दंडक १ मार्च २०१४ पासून अंमलात आहे. तो रास्तच आहे. तथापि दुकानातील दप्तर कितीही चोख असले, तरी औषध लिहावे की न लिहावे हा निर्णय त्यापूर्वीच दवाखान्यात होऊन गेलेला असतो.

ह्या कारभाराची झळ सर्वाधिक पोचते ती मधुमेहाच्या रुग्णाला. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल लागून आलेला फोड त्याला जाणवत नाही आणि तो चिघळल्यावरच घरच्यांच्या लक्षात येतो. लघवीचा जंतुसंसर्गही अशा रुग्णास पुनःपुन्हा गाठतो. त्या वेळी प्रतिजैविक खरोखरच हवे असते, आणि नेमका त्याच वेळी, एरवी नाहक दिलेल्या प्रतिजैविकांना जंतू सरावल्यामुळे, कल्चरच्या अहवालात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’ हे अक्षर उमटलेले दिसते, म्हणजे ती औषधे त्या जंतूंपुढे निष्प्रभ झालेली असतात. तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी बरा होण्याजोगा आजार मग इस्पितळाच्या खाटेवर, शिरेतून दिलेल्या महागड्या इंजेक्शनांवर जातो. म्हणून मधुमेह्याचे पाऊल मोजा उतरवून नियमाने पाहणे, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वेळच्या वेळी करविणे आणि गोळी का सुटली हे न रागावता विचारणे, ही प्रतिजैविके राखण्याचीच कामे होत.

डॉक्टरांनी एकूण रकमेत एक रुपयाचीही वाढ न करता तपासणी व सल्ल्याची फी औषधापासून वेगळी करावी, आणि ती पाटीवर स्पष्ट लिहावी, म्हणजे पुडी न देता रुग्णाला परत पाठविण्याचा संकोच राहणार नाही. सर्दी-तापाची रांग पावसाळ्यात लागते. ही तजवीज त्याआधीच व्हावी.

— भिषक