शिक्षा कोणी द्यावी?

मुलांनो, चोराला तुरुंगात पाठवताना न्यायाधीश शिक्षेची मुदत सांगतात. पण छळाला भिऊन परक्या देशात आसरा मागणाऱ्याला मुदतीशिवाय कोंडून ठेवले तर?

ऑस्ट्रेलियाने १९९२ साली परवान्याशिवाय बोटीने येणाऱ्यांना कोंडून ठेवणे सक्तीचे केले. पुढे २७३ दिवसांची मर्यादाही काढून टाकली. कुवेतमध्ये जन्मलेल्या एका पॅलेस्टिनी तरुणाला कोणताच देश आपला नागरिक मानत नव्हता. मग त्याला पाठवणार कोठे? त्याने न्यायालयात दाद मागितली. २००४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात तो चार विरुद्ध तीन मतांनी हरला.

२०२३ साली एका रोहिंग्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्याला नजीकच्या काळात परत पाठवण्याची खरी शक्यता नाही, त्याला कोंडून ठेवता येणार नाही. कारण शिक्षा देणे हे सरकारचे नव्हे, न्यायालयाचे काम आहे. शंभराहून अधिक लोक सुटले.

'त्यांत गुन्हेगारही होते,' असे काही जण म्हणतात. खरे आहे, पण त्यांनी न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगली होती. सरकारने सीमा जरूर राखाव्यात. मात्र ज्या कैदेला शेवटच नाही, तिला न्याय कसे म्हणावे? तुम्हीच विचार करा.