संगणकाची नजर पुरवठादारावर. देयकाच्या तारखेवर कोणाची?

विशेष प्रतिनिधी

पिंपळे गुरव : पुरवठादाराने किती नग दिले, किती वाजता दिले आणि त्यांतील किती सदोष निघाले, हे मोठ्या खरेदीदार कंपनीला आज संगणकाच्या पडद्यावर तत्काळ दिसते. त्याच नगांचे पैसे पुरवठादाराच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा होणार, याचे उत्तर मात्र त्याला अनेकदा दूरध्वनी करूनही मिळत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील लघुउद्योगांपुढचा आजचा खरा प्रश्न या विसंगतीत आहे.

पिंपरीत टेल्को (नंतरची टाटा मोटर्स), आकुर्डीत बजाज ऑटो आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन अशा कारखान्यांभोवती सुट्या भागांच्या व्यवसायाचे जाळे विणले गेले. पिंपळे गुरव व सांगवी ही या पट्ट्यातील निवासी उपनगरे. पवना नदी ओलांडली की कासारवाडीमार्गे भोसरीचे औद्योगिक क्षेत्र लागते. तेथे भाड्याच्या शेडमध्ये टर्निंग, मिलिंगची कामे करणारे लघुउद्योजक आणि त्यांचे कामगार अशाच उपनगरांत राहतात.

गुणपत्रिकेचा धाक

या साखळीत पुरवठ्याचे शेड्यूल आता संकेतस्थळावर मिळते. माल निघण्यापूर्वी त्याची नोंद करावी लागते आणि फाटकावर बारकोड वाचला जातो. दर दहा लाख नगांमागे सदोष नग किती, यावर पुरवठादाराची गुणपत्रिका ठरते. सदोष मालासाठी डेबिट नोट निघते. गुण घसरले की नव्या मॉडेलच्या कामातील वाटा घटतो. या शिस्तीमुळे गुणवत्ता सुधारली, हे नाकारता येणार नाही.

जीएसटीने या शिस्तीत सरकारचीही भर घातली. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणात बीजक दाखविले नसेल, तर खरेदीदाराला त्या कराचा परतावा-लाभ घेता येत नाही. त्यामुळे खरेदीदाराची संगणकप्रणाली पुरवठादाराची विवरणपत्रेही तपासू लागली आणि त्रुटी आढळल्यास कराची रक्कम रोखून धरली जाऊ लागली. गंमत अशी, की मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराला बिलाचे पैसे मिळोत वा न मिळोत, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावाच लागतो. खरेदीदाराने पैसे थकविल्यास त्याचा लाभ काढून घेण्यासाठी मात्र नियमाने १८० दिवसांची मुदत दिली आहे.

कायदा आहे, तक्रारदार नाही

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. थकबाकीच्या तक्रारींसाठी केंद्राने २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळही सुरू केले. पण ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचे शेड्यूल हवे आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस कोण करणार?

म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्यातील तरतूद महत्त्वाची ठरली. मुदतीत न चुकविलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरण्यास तिने मनाई केली आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून ती लागू झाली. तिच्यासाठी पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही, हेच तिचे बलस्थान.

दुसरा मार्ग ‘ट्रेड्स’ या लिलाव-मंचाचा. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१७ पासून व्यवहार सुरू झाले. येथे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात व पुरवठादाराला पैसे लवकर मिळतात. पुढे खरेदीदाराने पैसे बुडविले, तरी बँक पुरवठादाराकडे वसुली करू शकत नाही. नोंदणीच्या सक्तीसाठी कंपनीच्या उलाढालीची मर्यादा नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०० कोटींवरून २५० कोटी रुपयांवर आणण्यात आली. तथापि, नोंदणी करणे आणि बिल वेळेवर मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदीदाराने बिल मान्य केल्याखेरीज लिलावच होत नाही. शिवाय भोसरीतील छोट्या शेडचा ग्राहक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा कारखानदार असतो आणि तो या मर्यादेखाली असल्यास सक्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तंत्रज्ञानाची उणीव येथे नाही. फाटकावर माल उतरल्याची वेळ ज्या प्रणालीत नोंदली जाते, त्याच प्रणालीत ४५ दिवसांची गणना सुरू करणे अवघड नाही. पुरवठादाराच्या गुणपत्रिकेशेजारी खरेदीदाराच्या देयकांचाही रकाना आला पाहिजे आणि तो पुरवठादाराला दिसला पाहिजे. शिस्त एकाच बाजूला लावली गेली, तर तिचा खर्चही तीच बाजू सोसते. खेळत्या भांडवलावर महिना काढणाऱ्या शेडसाठी हा खर्च कामगारांच्या पगाराइतका मोठा असू शकतो.