मशीन फिरते, पण पेटत नाही! दोष इंजिनाचा की टाकीतल्या पेट्रोलचा?

मालवण : दोन महिन्यांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि किनाऱ्यावर एकच घाई सुरू होते. जाळी भरली, बर्फ आला, होडी पाण्यात ढकलली. आता दोरी ओढायची. मशीन घरघर फिरते, पण पेटत नाही. दहा वेळा ओढा, वीस वेळा ओढा, तेच. स्टार्टरवाल्याची बॅटरी उतरते, दोरीवाल्याचा खांदा उतरतो. हंगामाचे पहिले दिवस म्हणजे चार पैशांचे दिवस, तेच असे किनाऱ्यावर बसून जातात.

दरवर्षीचे हे रडगाणे आहे. पण आता त्यात एक नवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे पेट्रोलमधले इथेनॉल.

पेट्रोल बदलले, मशीन तेच

जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉल १० टक्क्यांवर गेले. २० टक्क्यांचे लक्ष्य आधी २०३० चे होते, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळाले, तेलाची आयात कमी होते, हे खरेच आहे. मी स्वतः शेतकरी, त्याला नावे ठेवणार नाही.

पण इथेनॉल पाणी ओढते. गाडीची टाकी आठवड्याला रिकामी होते, म्हणून तिथे फारसे जाणवत नाही. होडीची टाकी मात्र कोकणच्या पावसात दोन महिने अर्धी भरलेली पडून राहते. दमट हवा आत जाते, पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसतो. टाकीतली नळी तळातूनच ओढते. मग मशीनला पेट्रोलऐवजी तेच पाजले जाते. टू-स्ट्रोकमध्ये धोका आणखी मोठा. ऑइल वरच्या पेट्रोलात राहते, खालच्या थरात ते नसते. चुकून मशीन पेटलेच तर आतून घासून जाम होण्याची भीती.

अनेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. आपल्या मशीनची पुस्तिका एकदा काढून बघाच.

मेकॅनिक येईपर्यंत काय बघाल?

सगळा दोष इथेनॉलवर ढकलूनही चालणार नाही. सोप्यापासून सुरुवात करा.

१. सुरक्षा दोरीची क्लिप जागेवर आहे का? ती निघालेली असेल तर मशीन फिरेल, पण पेटणार नाही.

२. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबा. तो घट्ट व्हायला हवा. होत नसेल तर नळी कुठेतरी हवा घेते. चपटाच राहत असेल तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीकडची नळी तुंबली आहे. फुग्यावरचा बाण मशीनच्या दिशेला हवा.

३. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा-वीस मिनिटे ठेवा. दोन थर दिसले की सगळे पेट्रोल काढून टाका. वरून नवे ओतून ते सुधारत नाही.

४. प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगी नाही, पेट्रोल खराब आहे किंवा चोक जास्त ओढला गेला. खाऱ्या हवेने प्लगची टोपी आणि वायरचे जोड गंजतात, ते साफ करा. ठिणगी तपासताना मात्र पेट्रोल उघडे ठेवू नका, भडका उडतो.

हे सगळे ठीक असेल तर कार्ब्युरेटर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे मेकॅनिकचे काम. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर एका दमात दाबू नका.

प्रश्न एकट्या होडीवाल्याचा नाही

माझा ग्रासकटरही असाच रुसतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सुकते, चिकट होते, जेट बंद. गावागावातले फवारणी पंप, पॉवर वीडर यांचे तेच. हंगामापुरती चालणारी मशीन शेतकऱ्याची आणि मच्छीमाराची सारखीच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कागदावरचा दर्जा किनाऱ्यावर दिसायचा असेल तर फार मोठे काही लागत नाही. जुलैच्या शेवटी सोसायट्यांनी मशीन तपासणीचे शिबिर घ्यावे. कोकणातल्या आयटीआयमध्ये आउटबोर्ड दुरुस्ती शिकवावी. पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक लिहावे.

आणि आपल्या हातातले एक काम आहे. मे अखेर होडी वर ओढताना टाकी रिकामी करा. मशीन गोड्या पाण्यावर चालवून धुवा. मग ते चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. अर्ध्या तासाचे काम आहे. किनाऱ्यावर बंद पडलेल्या मशीनने दिवस जातो. खोल पाण्यात बंद पडले तर जिवावर बेतते.