पट घटला, पण गुन्हा शिक्षकाचा नाही

सप्टेंबर संपत आला की आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड होतो. सगळ्यांचे डोळे एकाच आकड्याकडे असतात: पट किती? त्यातला ‘आधार वैध’ किती? या आकड्यावर संचमान्यता होते, संचमान्यतेवर पदे ठरतात. मग सेवाज्येष्ठता यादीत शेवटी नाव असलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ होतो. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला एका दिवसात जास्तीचे ठरवणारा हा शब्द मला कधीच पचला नाही.

मागे आमच्याच एका उर्दू माध्यमाच्या संस्थेतल्या सहकाऱ्याला चिटणीसांनी बोलावून सांगितले, “मास्तर, मुलं राहिली नाहीत. इज्जतीनं राजीनामा लिहून द्या, पुढे कुठे जागा निघाली तर बघू.” त्याने लिहून दिला. जागा निघाली नाही. तो आज शिकवण्या घेतो. त्याला कायदा ठाऊक असता तर त्याने ती सही केली नसती, म्हणून हा लेख.

खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी महाराष्ट्रात 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. विद्यार्थी घटले, वर्ग किंवा तुकड्या कमी झाल्या तर कायम कर्मचाऱ्याची कपात करता येते, हे नियम 26 मान्य करतो. पण त्यासाठी तीन महिन्यांची नोटीस लागते, शिक्षण खात्याची पूर्वमंजुरी लागते आणि सेवाज्येष्ठता पाळावी लागते. म्हणजे चिटणीसांच्या खुर्चीसमोर उभे राहून ऐकलेले “उद्यापासून येऊ नका” याला कायद्यात काडीची किंमत नाही. अनुदानित शाळेतील अतिरिक्त शिक्षकाचे दुसऱ्या शाळेत समायोजन करण्याची वाटही नियमात आहे. विनाअनुदानित शाळेत तो आधार मिळणे अवघड, पण मान्यताप्राप्त शाळा असेल तर कायदा तिथेही लागू आहे.

राजीनामा ही मात्र वेगळी गोष्ट. कपातीचा आदेश झाला तर 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. राजीनामा दिला तर “मी स्वतः सोडले” हे तुम्हीच लिहून दिलेले असते. कायद्याने राजीनाम्याचीही रीत सांगितली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे, दुसरी स्वतःजवळ. ही काळजी मुद्दाम घेतलेली आहे, कारण दबावाखाली कागद लिहून घेतले जातात हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते.

आता आकड्यांकडे पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. म्हणजे 61 चा पट 60 वर आला की तिसरे पद धोक्यात. आणि हे एक मूल कुठे हरवते? बऱ्याचदा ते हरवलेलेच नसते, समोरच्या बाकावर बसलेले असते. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मुहम्मद’. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शैख’. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. संगणक म्हणतो जुळत नाही, आणि मूल मोजणीतून बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आहे. ज्या मुलाला आधारविना प्रवेश मिळतो, तेच मूल शिक्षक मोजताना आधारविना दिसेनासे होते, हा कुठला न्याय? शासनाने वर्गात बसलेली मुले मोजावीत.

पण फक्त शासनाला बोल लावून मी मोकळा होणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या कलम 30 नुसार स्वतःचे शिक्षक निवडण्याचा अधिकार आहे. त्याच आधारावर, दुसरीकडचे अतिरिक्त शिक्षक आमच्यावर लादू नका, असे या संस्था म्हणतात आणि न्यायालयांनी ते मान्यही केले आहे. हा अधिकार मौल्यवान आहे, तो जपलाच पाहिजे. मात्र त्याची दुसरी बाजू पाहा. उर्दू माध्यमाचा शिक्षक अतिरिक्त झाला तर तो जाणार कुठे? बहुतेक वेळा दुसऱ्या उर्दू शाळेतच. ती शाळाही अल्पसंख्याक संस्थेची असली तर ती दार लावून घेते आणि त्याच जागेसाठी नव्या माणसाची मुलाखत घेते. का घेते, हे वाचकांना मी सांगायला नको. कौमच्या हक्कासाठी मिळालेली ढाल कौमच्याच उस्तादावर उगारली जाते. कायदा सक्ती करत नसेल, तरी संस्था आपणहून हे करू शकतात: जाहिरात देण्याआधी जिल्ह्यातल्या अतिरिक्त उर्दू शिक्षकांची यादी पाहायची, पात्र असेल त्याला आधी बोलवायचे. याला जीआर लागत नाही, नियत लागते.

आणि पट का घटतो? माझी स्वतःची धाकटी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बापाने हे लिहिताना मान खाली जाते, पण खोटे कसे लिहू? आमच्या शाळेत गणिताला दोन वर्षे कायम शिक्षक नव्हता. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. या चक्रात पालकांनाच दोषी ठरवणे सोपे आहे, पण ते चक्र पालकांनी सुरू केलेले नाही.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना तीनच गोष्टी सांगतो. जूनमध्येच वर्गातल्या प्रत्येक मुलाचे दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव ताडून पाहा, पालकांसोबत दुरुस्तीला जा. सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी मागून वाचा, चूक असेल तर लेखी हरकत घ्या आणि पोच ठेवा. आणि कुणीही, कितीही गोड बोलून राजीनामा मागितला तरी त्या दिवशी सही करू नका. घरी या, जेवा, दोन माणसांना विचारा. नोटीस द्यायची तर त्यांना द्या म्हणावे. नोटिशीला उत्तर देता येते, राजीनाम्याला देता येत नाही.