बाजारहाटाचेही शिक्षण हवे

पीक कसे वाढवावे, याची माहिती शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी पुष्कळ प्रयत्न होतात. परंतु पिकाचा आलेला पैसा आठवडे बाजारात कसा खर्चावा, हा विषय विस्तारकार्यात उपेक्षितच राहिला आहे. पौष्टिक आहार म्हणजे महाग आहार, हा समज त्यामुळे दृढ झाला आहे.

तो दूर करण्यास व्याख्याने पुरत नाहीत. प्रौढ मनुष्यास उपदेश रुचत नाही, हिशेब मात्र तत्काळ पटतो. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी वर्ग घ्यावा तो लोकांच्या स्वतःच्या बाजाराच्या यादीवर. वेष्टनावर निव्वळ वजन व किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यावरून किलोचा भाव काढावयास शिकवावे. ५ रुपयांच्या पुड्यात ५० ग्रॅम बिस्किटे असतील, तर किलोस १०० रुपये पडतात. शेंगदाण्यास किलोमागे १५० रुपये पडले, तरी त्यांत प्रथिने शेकडा सुमारे २५, म्हणजे साध्या बिस्किटांच्या तिपटीहून अधिक असतात. मग स्वस्त काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

शेतकऱ्याच्या घरी याहूनही महत्त्वाचा एक हिशेब आहे. सुगीत सर्व तूर विकावयाची आणि पुढे वर्षभर डाळ पाव-अर्धा किलोने विकत घ्यावयाची, अशी रीत अनेक घरांत पडली आहे. १०० किलो तुरीची गिरणीत साधारणतः ७० ते ७५ किलो डाळ होते. ही घट व भरडाई धरून डाळीचा भाव काढावा, दुकानातील भावाशी ताडून पाहावा आणि लाभ दिसल्यास वर्षाची बेगमी नीट वाळवून, कीड लागणार नाही अशी ठेवावी.

देणे भागविण्यासाठी सर्व माल विकणे भाग पडते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. अशा कुटुंबांसाठी गावातील बचत गटाने सुगीत गावातूनच एकत्र खरेदी करून ठेवणे हिताचे होईल.

हे शिक्षण केवळ स्त्रियांसाठी आहे, असे मात्र मानू नये. पुष्कळ घरांत पिशवी घेऊन बाजारास पुरुष जातो आणि मुलांच्या ताटात काय पडणार, हे तेथेच ठरते. तेव्हा कार्यकर्त्यांनी बाजाराच्या आदल्या दिवशी एक तास काढावा, पाच-दहा कुटुंबांतील स्त्री-पुरुषांस एकत्र बसवावे आणि हा हिशेब त्यांच्याच हातून करवून घ्यावा.