परतवारीला दाता कुठे जातो?

आळंदीहून निघालेल्या वारकऱ्याच्या हातात पंढरी येईपर्यंत किती वस्तू पडतात, ते एकदा मोजून पाहावे. पुण्यात टोपी, हडपसरला केळी, दिवेघाटाच्या पायथ्याशी पाण्याची बाटली, सासवडला राजगिऱ्याचा लाडू आणि रेनकोट तर पुण्यातच दोन-दोन. एका मांडवातून सुटावे तो पुढच्या मांडवातला लाऊडस्पीकर बोलावतो. टोपीवर, पिशवीवर, रेनकोटाच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या प्रतिष्ठानाचे नाव असते. मग एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालख्या माघारी फिरतात. माउली तीच, वाट तीच, ऊनपाऊसही तोच. चालणारी माणसे मात्र थोडी उरतात आणि मांडव शोधून सापडत नाही. रस्त्याकडेच्या वस्तीवरची एखादी माय पिठले-भाकरीचे टोपले घेऊन येते. तिच्या टोपल्यावर कोणाचेही नाव छापलेले नसते.

आषाढी झाली म्हणून वारकऱ्याची तहान संपते काय? द्वादशीचे पारणे सोडले की भूक कायमची जाते काय? संपते ती फक्त पाहणाऱ्यांची गर्दी. ती गेली की दाताही जातो. म्हणून विचारावेसे वाटते, की हे दान तहानेला होते की गर्दीला?

मी हे मोठ्या देवस्थानांविषयी लिहीत नाही, सरकारविषयीही नाही. लिहितो आहे ते आपल्या तालुक्यातालुक्यांत उभ्या राहिलेल्या लहान खासगी प्रतिष्ठानांविषयी. बापाने कष्टाने धंदा वाढवला, तो गेल्यावर मुलांनी त्याच्या नावाने ट्रस्ट नोंदवला. विश्वस्त कोण? दोघे भाऊ, एक सून, घरचे हिशोबनीस आणि एक स्नेही. वर्षाकाठी काही लाख रुपये धर्मादाय काढतात. हेतू वाईट नसतो. बापाचे नाव राहावे आणि चार लोकांचे भले व्हावे, यात निंदा करण्यासारखे काही नाही. माझा वाद हेतूशी नाही. हे पैसे कुठे जावेत हे ठरते कसे, त्याच्याशी माझा वाद आहे. ते ठरते दिवाणखान्यात, पाच जणांत, आणि त्या पाचांत घेणारा एकही नसतो.

दान पारखायची कसोटी आपल्याला नव्याने शोधायची नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आणि ज्ञानोबारायांनी ते आपल्या भाषेत उलगडून दाखवले. देणे हे कर्तव्य म्हणून, ज्याच्याकडून परत काही मिळायचे नाही त्याला, योग्य देश, काल आणि पात्र पाहून दिले तर सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून दिले तर राजस. अवेळी, अस्थानी, अपात्री आणि घेणाऱ्याचा अवमान करून दिले तर तामस. या कसोटीवर आपल्या प्रतिष्ठानांचे दान घासून पाहू.

पहिला देश. दान कुठे जाते? रस्त्यावर. पुणे ते सासवड या पट्ट्यात मांडवाला मांडव लागतो, आणि त्याच दिवसांत कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी, शेगावहून गजानन महाराजांची पालखी उन्हातान्हात मराठवाडा तुडवीत येत असते. महिनाभराची चाल आहे ती. त्या वाटेवर गावकरी आपल्या कोरड्या विहिरीतले पाणी शेंदून देतात. रेनकोटाचे गठ्ठे तिकडे वळत नाहीत, कारण तिकडे कॅमेरे थोडे.

दुसरा काल. दान केव्हा जाते? एक आषाढात आणि दुसरे मार्चअखेर. आषाढाचे कारण सर्वांना कळते. मार्चचे कारण असे, की करातून सूट घेणाऱ्या ट्रस्टने आपल्या उत्पन्नातले शंभरातले पंच्याऐंशी रुपये त्याच वर्षी उद्देशावर खर्च करावेत, अशी आयकराची अट आहे. नियम चांगला आहे. धर्माचा पैसा कुजू नये म्हणून तो केला आहे. पण आमच्याकडे अकरा महिने कोणी कपाट उघडत नाही आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हिशोबनीस आठवण करून देतो. मग घाईघाईने दप्तरे, चादरी, शिलाई मशीन. ज्याला जूनमध्ये बियाणे हवे होते, श्रावणात औषध हवे होते, त्याच्या हाती चैत्राच्या तोंडावर चादर पडते.

तिसरे पात्र, आणि इथेच खरी कळ आहे. कीर्तनाच्या निमित्ताने पन्नास वर्षे गावोगाव फिरलो. मराठवाड्यातल्या एका गावी दरवर्षी सप्ताहाला जात असे. तिथे जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. एका वर्षी त्या शाळेतल्या मुलांना तीन प्रतिष्ठानांनी तीन वेळा दप्तरे दिली. एकेका पोराकडे तीन-तीन दप्तरे, आणि वर्गाचे पत्रे गळतात म्हणून पावसात मुले मारुतीच्या देवळात बसायची. पण त्याहून मोठे दुःख वेगळे होते. सातवीनंतरचे हायस्कूल पाच कोस नाही, पाच किलोमीटरच होते. पण एसटी अशा वेळी यायची की शाळा भरून तास होऊन जाई. मुले सायकलवर गेली. बारा मुली घरी बसल्या. मुख्याध्यापकांनी त्यांतल्या एका प्रतिष्ठानाला अर्ज केला की दप्तरे नकोत, या बाराजणींसाठी एका जीपचे वर्षभराचे भाडे द्या. उत्तर आले, की दरवर्षी लागणारा खर्च आमच्या धोरणात बसत नाही. दप्तरावर नाव छापता येते, भाड्यावर कुठे छापणार?

पुढच्या वर्षी त्यांतल्याच एका मुलीच्या लग्नाला आशीर्वादासाठी मला बोलावणे आले. पोर सोळाचीही नव्हती. मी गेलो नाही आणि का येत नाही ते तिच्या वडिलांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, “महाराज, शाळा सुटली. जाणती पोर घरात किती दिवस बसवू?” त्या बापाचे चुकलेच. पण ज्या पाच जणांनी दिवाणखान्यात बसून धोरण ठरवले, त्यांच्या कपाळी काहीच दोष नाही काय?

एकनाथ महाराजांची कथा आपण सगळेच सांगतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि रामेश्वराची गंगा त्याच्या तोंडात ओतली. कथा सांगताना आपण नाथांच्या दयेवर थांबतो. थोडे पुढे जाऊन पाहा. ते पाणी संकल्प सोडलेले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचा उद्देश लिहून ठेवलेला होता. नाथांनी विश्वस्तांची सभा भरवली असती, तर गाढव उद्देशात बसत नाही असाच ठराव झाला असता. नाथांनी उद्देशाचा शब्द पाहिला नाही, तहान पाहिली; आणि तेच रामेश्वराला पोहोचले असे मानले. ही कथा ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपल्या प्रतिष्ठानाच्या धोरणाचा कागद एकदा या कथेशेजारी ठेवून वाचावा.

आणि अवमान? भगवंतांनी तो तामस दानात मोजला आहे. एका प्रतिष्ठानाच्या समारंभात, थोरल्या मालकांच्या पुण्यतिथीला, माझे कीर्तन होते. कीर्तनाआधी शिलाई मशीनचे वाटप. चाळीस विधवा भगिनी दोन तास रांगेत उभ्या. पाहुण्यांचे भाषण संपेना. एकेकीचे नाव, गाव आणि नवरा कशाने गेला हेसुद्धा लाऊडस्पीकरवर वाचून दाखवले. एका बाईने पदर तोंडावर ओढला, तर फोटोवाला म्हणाला, “मावशी, चेहरा दिसू द्या.” मी उभा राहिलो आणि सांगितले की हे वाचन थांबल्याशिवाय वीणा हाती घेणार नाही. वाचन थांबले. पुढल्या वर्षी मला बोलावले नाही, हे सांगायला नकोच. ज्या बाईने पतीच्या मागे लेकरे वाढवली, तिचे दुःख एका यंत्राच्या बदल्यात चावडीवर मांडायचा हक्क कोणी दिला?

आता समोरची बाजू ऐकू. ते तीन गोष्टी सांगतात.

पहिली, पैसा आमचा आहे, कुठे द्यावा ते आम्ही ठरवू. नाही. ट्रस्ट नोंदवला, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या वहीत नाव गेले, करातून सूट घेतली, की तो पैसा घराचा राहिला नाही. सूट म्हणजे सरकारी तिजोरीत जायचे होते ते रुपये. त्यात लोकांचा वाटा आला. तुम्ही मालक होता, आता विश्वस्त आहात. शब्दच सांगतो, विश्वासाने सोपवलेले सांभाळणारा. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बादशहाच्या कोठाराचे राखणदार होते. दुष्काळात त्यांनी कोठार उघडले ते भुकेकडे पाहून.

दुसरी, फोटो नसतील तर हिशोब कसा दाखवायचा? हिशोब जरूर ठेवावा. दामाजींसाठी विठू महार होऊन भगवंतांनी बेदरला पैसे भरले, तेव्हा पावती घेतल्याशिवाय ते परतले नाहीत असे कथा सांगते. पण ती पावती दामाजींच्या नावाची होती. देवाने आपले नाव कुठेही घातले नाही. हिशोब पावतीत असतो, वहीत असतो. विधवेच्या चेहऱ्यात नसतो.

तिसरी, वारीत एका दिवसात लाखो लोकांची सेवा घडते, गावात बसून एवढी घडेल काय? संख्येचा हा मोह सोडावा. दहाव्या केळ्याने दहावा वारकरी तृप्त होत नाही, तो ते दिवेघाटात टाकतो. आणि दुसऱ्या दिवशी तिथला कचरा उचलायला सफाई कामगार लागतात. गाडगेबाबांनी देणग्या घेतल्या, त्या लाडू वाटायला नव्हे. पंढरपुरात दलित वारकऱ्याला उतरायला जागा मिळत नव्हती, तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. गरज कुठे आहे ते बाबा आधी झाडू हातात घेऊन गल्लीत पाहत, मग झोळी पसरत. आमच्याकडे झोळी आधी भरते आणि गरज नंतर शोधतात.

म्हणून प्रतिष्ठानांच्या चालकांना माझे सांगणे थोडके आहे. द्यायचे ते विचारून द्या. आषाढाच्या तोंडावर नव्हे, पौष-माघात गावी जा आणि शाळेचे गुरुजी, आशाताई, दिंडीचा विणेकरी यांना विचारा. दहा गावांना एकदा देण्यापेक्षा एका गावाला दहा वर्षे द्या. भाडे, दुरुस्ती, औषध, पगार हे न दिसणारे खर्च आधी उचला. विश्वस्तांत एक तरी माणूस घेणाऱ्यांच्या वस्तीतला घ्या आणि त्याला मताचा अधिकार द्या, नुसती खुर्ची नको. घेणाऱ्याला व्यासपीठावर उभे करू नका. वारीतच सेवा करायची असेल, तर परतवारीच्या दिंडीला ट्रकचे डिझेल द्या, म्हाताऱ्या मृदंगवाद्यांच्या दवाखान्याचा खर्च द्या, आळंदीत पोटाला चिमटा घेऊन ज्ञानेश्वरी शिकणाऱ्या पोराच्या खोलीचे भाडे द्या.

पण दोष एका हाताचा नसतो. आपण घेतो म्हणून ते देतात. दिंडीच्या पताकेशेजारी प्रतिष्ठानाचा बॅनर बांधू देणारे दिंडीचालक आपलेच. नारदाच्या गादीवर उभे राहून, अभंगाचे चरण सोडून दात्याच्या आजोबांपासून वंशावळ गाणारे कीर्तनकारही आपलेच, माझ्याच धंद्यातले. सांगतात की शिवरायांनी पाठवलेला नजराणाही तुकोबांनी परत पाठवला. आपल्याला एक रेनकोटही नको म्हणता येत नाही?

फडकऱ्यांनी, दिंडीचालकांनी यंदा एवढे तरी ठरवावे. ज्याच्या देण्यावर नाव आहे, त्याला हात जोडून सांगावे की माउली, हे असू द्या; आमच्या गावच्या शाळेपर्यंत एक जीप हवी आहे, तेवढी द्या. तो हो म्हणाला तर त्याचे पाय धरा. नाही म्हणाला तर पुढे चालू लागा. दोन घास कमी पडतील, पण वारीत तेवढी भूक सोसायची सवय आपल्याला वाडवडिलांपासून आहे.

राम कृष्ण हरि.