कोरा कागद की तापी?

बुऱ्हाणपूरच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात राजघाटाचे शिसपेन्सिलीने काढलेले लहानसे चित्र आहे. खाली घाटाच्या दोन पायऱ्या, पाण्यातील दगडी हत्तीची पाठ, वर पैलतीराची एक बारीक रेघ. मध्ये नुसता कोरा कागद. ‘अर्धवट वाटते’ म्हणून त्यात कोणाकडून तरी रंग भरून घ्यावेत, असा घरच्या मंडळींचा बेत आहे.

माझे स्पष्ट मत असे की, त्यास हात लावू नये. तो कोरा कागद म्हणजेच तापी. जवळच्या रेघा दाबून काढल्या आहेत, पैलतीराची अगदी हलक्या हाताने. एवढ्यानेच मधले पात्र रुंद होते. तेथे निळा रंग फासला की पाणी दिसेल, पण अंतर हरपेल. देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात काढलेल्या चित्रशाळेचे आणि तेथे शिकलेल्या बेंद्र्यांचे कौतुक करणाऱ्या आपल्या घराण्यांना हे सांगावे लागू नये.

शिवाय त्या रेघेवर जैनाबादचा आहुखाना आहे. १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारलेल्या मुमताजला प्रथम तेथेच पुरले, पुढे आग्र्यास नेले. ताजमहाल तिकडे झाला; इकडे रितेपण उरले. ‘येथे पाहण्यासारखे काय?’ असे विचारणाऱ्यास हेच चित्र दाखवावे. जे नाही, तेही त्यात जागच्या जागी आहे.

तेव्हा मंडळींनी ते आणखी काही दिवस नुसते पाहावे. पेन्सिलीची रेघ खोडता येते. चढलेला रंग उतरत नाही.